अम्लरेखन (काच व झिलई)

अम्लरेखन : काचेवर किंवा मातीच्या भांड्याच्या काचमय झिलईवर फ्ल्युओरीनयुक्त अम्लाची क्रिया घडवून नक्षी उठवण्याची अथवा पृष्ठभाग दुधी करण्याची प्रक्रिया. जो भाग मूळचा राखायचा त्यावर मेण, डांबर किंवा वार्निश यांचा लेप देतात. उघडा भाग अम्ल खाते. ताम्रपटावरील अम्लरेखनाहून ही प्रक्रिया वेगळी आहे. तेथे नायट्रिक अम्ल पुरते. काचेच्या बाबतीत ते जवळजवळ निरुपयोगी ठरते.

उगमाच्या वादाचे मूळ याच फरकात आहे. काचेवरील अम्लरेखनाचे श्रेय बहुधा न्यूरेंबर्गचे काचकोरक हाइनरिख श्वानहार्ट यांना देतात आणि काळ १६७० च्या सुमाराचा धरतात. आधार जर्मन चित्रकार योआखिम फोन झान्ड्रार्ट यांच्या १६७५ च्या कलाकारचरित्रांचा. चष्म्याच्या भिंगावर तीव्र द्रव सांडून काच मंद झाली आणि त्यातून श्वानहार्टना युक्ती सुचली, अशी कथाही सांगतात. ती कथा म्हणूनच घ्यावी. द्रव कोणता होता, यावर मतभेद आहेत. एका मताप्रमाणे ते नुसते नायट्रिक अम्ल असून तेव्हाची काच कमी टिकाऊ असल्याने त्याचा परिणाम झाला. दुसऱ्या मताप्रमाणे त्यात फ्ल्युओरस्पार (फ्ल्युओराइट; फ्ल्युओरीनयुक्त अम्ल ज्यापासून मिळते ते खनिज) मिसळलेले होते. १७२५ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेली एक कृती दुसऱ्या मताला बळ देते. तीत नायट्रिक अम्ल वाल्डेनबुर्गच्या कुपीत ओतून त्यात ‘बोहेमियाचा हिरवा पाचू’ कुटून घालायला सांगितला आहे. हा खडा पूड करून तापवला की अंधारात हिरवा प्रकाश देतो, अशी त्याची खूण दिली आहे. ही खूण फ्ल्युओरस्पारला नेमकी लागू पडते. कुपी काचेची न घेता वाल्डेनबुर्गची, म्हणजे सॅक्सनीतील दगडी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावची, घ्यायला सांगितली आहे, हेही लक्षणीय आहे. कृती पन्नासएक वर्षे नंतरची असली, तरी रासायनिक दृष्ट्या दुसरे मतच अधिक ग्राह्य वाटते. १७७१ मध्ये रसायनज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी फ्ल्युओरस्पारपासून मिळणाऱ्या हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या काचपात्रांच्या आतील बाजू झिजल्या होत्या.

काचेचा सांगाडा सिलिकाचा असतो. सल्फ्यूरिक, नायट्रिक व हायड्रोक्लोरिक ही प्रबल अम्ले त्याला सहसा धक्का लावत नाहीत. पाण्यातील हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल त्या मानाने दुर्बल. पण फ्ल्युओरीन व सिलिकॉन यांच्यातील बंध अतिशय बळकट असल्याने ते सिलिका फोडते. त्यातून सिलिकॉन टेट्राफ्ल्युओराइड वायू निघतो व पुढे फ्ल्युओरोसिलिसिक अम्ल बनते. नुसत्या अम्लाने पारदर्शक खळगा पडतो. अमोनियम किंवा सोडियम यांची फ्ल्युओराइडे मिसळली तर अविद्राव्य स्फटिक पृष्ठभागावर बसतात, खालची काच ठिकठिकाणी झाकली जाते आणि दुधी पोत मिळतो.

कुंभकामात हे तंत्र ठळकपणे आले ते इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे. मिंटन कारखान्याने १८६३ मध्ये अम्लसुवर्ण पद्धत वापरात आणली. पोर्सेलीनची झिलई अम्लाने उथळ खोदून वर सोने चढवत. घोटल्यावर उंच भाग चमकत व खोलगट भाग मंद राहत. काचकामात याच काळात जॉन नॉर्थवुड यांनी इंग्लंडमध्ये आणि पुढे एमिल गाले यांनी फ्रान्समधील नान्सी येथे अम्लाचा मोठा वापर केला.

आजच्या स्टुडिओत अम्लाऐवजी अमोनियम बायफ्ल्युओराइडयुक्त लेप मिळतात. ते सौम्य मानणे धोक्याचे आहे, कारण ओलाव्यात त्यांपासून हेच अम्ल तयार होते. निर्जल हायड्रोजन फ्ल्युओराइड १९.५° से. ला उकळते, म्हणून तीव्र अम्लाच्या वाफा साध्या खोलीतही उठतात. डोळे, घसा व फुप्फुसे यांना त्या इजा करतात. धूळ गाळणारा साधा मास्क त्यांना अडवत नाही. अमेरिकेत कामाच्या आठ तासांच्या सरासरीसाठी हवेत दशलक्ष भागांत ३ भाग ही कायदेशीर मर्यादा आहे. त्वचेवरील इजा विशेष फसवी असते. सौम्य द्रावणाने वेदना कित्येक तासांनी सुरू होते. तोवर फ्ल्युओराइड आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधत राहते आणि रक्तातील कॅल्शियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. भरपूर पाण्याने ताबडतोब धुणे, २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळणे व वेदना नसली तरी रुग्णालय गाठणे, हा उपचारक्रम आहे. जेल हाताशी नसेल तर हे काम सुरूच करू नये. द्रावण पॉलिथिनच्या डब्यात ठेवतात.

अम्ल न वापरणाऱ्या कुंभारालाही हा प्रश्न चुकत नाही. अनेक मातींत फ्ल्युओरीन अल्प प्रमाणात असते. भट्टी सुमारे ८००° से. च्या पुढे गेली की ते हायड्रोजन फ्ल्युओराइडच्या रूपाने बाहेर पडते. कॉर्निश स्टोनच्या (झिलईत वापरल्या जाणाऱ्या कॉर्नवॉलच्या दगडाच्या) काही प्रकारांतही फ्ल्युओराइट असते. वायुवीजन अपुरे असेल तर भट्टीजवळच्या खिडकीची काच कालांतराने मंद होते. लवण-झिलईसाठी तापलेल्या भट्टीत मीठ टाकल्यावर निघणाऱ्या धुराला याचा दोष देतात, परंतु त्यातील हायड्रोजन क्लोराइड लोखंड गंजवते व छातीला बाधते, काच कोरत नाही. पुसूनही न जाणारी धूसरता दिसली तर आधी मातीतील व झिलईतील फ्ल्युओरीनचा संशय घ्यावा आणि भट्टीवरील धुराडे तपासावे.

भारतात फ्ल्युओरस्पारचे साठे गुजरातमधील आंबाडुंगर, राजस्थानातील मांडो की पाल, छत्तीसगडमधील चांदीडोंगरी व महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे आहेत.