सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारासह जगणे (कोकण किनारपट्टी)

भावना, नाती आणि स्वतःची ओळख या तिन्हींत सतत टोकाची अस्थिरता असणारा मानसिक विकार. इंग्रजी नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. केसपेपरवर बहुधा नुसते ‘बीपीडी’ लिहिलेले असते. मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये अशा रुग्णांच्या गटाचे वर्णन केले, तर १९८० साली मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत (डीएसएम-३) ते स्वतंत्र निदान झाले. प्रौढांमध्ये याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के मानले जाते. कोकणातल्या वाड्यांमध्ये हे नाव क्वचितच ऐकू येते. तिथे तीच व्यक्ती ‘तापट’, ‘नाटकी’ किंवा ‘हट्टी’ ठरते, नाहीतर ‘भायरचा काय तरी आसा’ म्हणून देवाला गाऱ्हाणे घातले जाते.

निदानाच्या ९ निकषांपैकी किमान ५ दीर्घकाळ दिसावे लागतात. कुणी सोडून जाईल या भीतीने केलेली धडपड, एकाच माणसाला आज डोक्यावर घेणे आणि उद्या त्याचे तोंडही न पाहणे, मी नेमका कोण हे न कळणे, अविचारी खर्च किंवा व्यसन, स्वतःला इजा करणे वा आत्महत्येच्या धमक्या, क्षणात पालटणारी मनःस्थिती, आतला पोकळपणा, न आवरणारा राग, आणि ताणात संशय किंवा सुन्नपणा. सर्वाधिक गल्लत द्विध्रुवी (बायपोलर) विकाराशी होते. द्विध्रुवीतील उन्माद किमान आठवडाभर आणि सौम्य उन्माद किमान ४ दिवस टिकतो. बीपीडीतली भावनांची लाट काही तासांत चढते-उतरते, आणि तिच्या मुळाशी बहुधा नात्यातली एखादी घटना असते: न उचललेला फोन, तुटक उत्तर, रद्द झालेली भेट.

म्हणूनच कोकणातल्या जगण्याचा क्रम या विकाराला विशेष झोंबतो. इथली नाती येण्याजाण्यावर चालतात. नवरा मुंबईला किंवा आखातात, भाऊ ट्रॉलरवर, फोन कित्येक दिवस रेंजबाहेर. गणपतीत चाकरमानी येतात, घर माणसांनी भरते, झोपेचे गणित बिघडते, जागरणे होतात, आणि विसर्जनानंतर घर एकाएकी रिकामे होते. रुग्णाला त्रास गर्दीच्या दिवसांत होईल असे घरच्यांना वाटते. खरा कसोटीचा काळ गर्दी पांगल्यावरचे दिवस असतात. त्याची तयारी आधीच करावी. कोण कोणत्या गाडीने जाणार, पोहोचल्यावर किती वाजता फोन करणार, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. ‘बघू, जमलं तर करीन’ यापेक्षा ‘रविवारी रात्री ९ वाजता, १० मिनिटं’ हे वाक्य जास्त उपयोगी, मात्र ते पाळले तरच. मासेमारीला जाणाऱ्याने रेंज कुठे संपते आणि परत कधी मिळते, हे निघण्यापूर्वी सांगावे. नाहीतर व्हॉट्सअॅपवर संदेश न पोहोचल्याची एकच राखाडी खूण दिसली, तरी तिच्यावरून रात्रभराचे रामायण घडते.

उपचार. मुख्य उपचार संभाषणाचा. सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची द्वंद्वात्मक वर्तन चिकित्सा (डीबीटी). तिची पुस्तिका १९९३ मध्ये आली. तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. पूर्ण स्वरूपात आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, सुमारे अडीच तासांचा कौशल्यवर्ग आणि अडचणीच्या वेळी फोनवर मदत असते. सजगता, संकट सोसणे, भावना आवरणे आणि नाती सांभाळणे ही चार कौशल्ये साधारण २४ आठवड्यांत शिकवली जातात आणि पुष्कळदा दुसऱ्यांदा घेतली जातात. हे सगळे तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. तरी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि ऑनलाइन सत्रे यांची सांगड घालता येते. मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवणे म्हणजे भरती होणे नव्हे, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगावे लागते, कारण ‘रत्नागिरीला धाडा’ हा टोमणा अजून जिवंत आहे.

या विकारासाठी खास मंजूर असे एकही औषध नाही. गोळ्या दिल्या जातात त्या सोबतच्या नैराश्यासाठी, चिंतेसाठी किंवा काही लक्षणांपुरत्या. झोपेच्या व शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन गोळ्यांची सवय लागते आणि काहींचा आवेग उलट वाढतो, म्हणून त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. पावसात घाट बंद पडतो, एसटी चुकते आणि गोळ्यांचे पाकीट संपते. नैराश्याची गोळी अचानक तुटली की चक्कर, चिडचिड, निद्रानाश होतो आणि तो विकारच उसळला असे समजले जाते. मे महिन्याच्या तपासणीतच डॉक्टरांशी बोलून पावसाळ्याचा साठा ठरवावा.

लाट चढली की आधी शरीर शांत करायचे. वाकून, श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात सुमारे ३० सेकंद धरला की हृदयाची गती मंदावते. हृदयविकार असल्यास हे करू नये. त्याऐवजी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा, किंवा १५-२० मिनिटे भरभर चालावे. समजूत घालणे त्यानंतर. घरच्यांची चूक इथेच होते: आधी ‘नाटकं पुरे’ म्हणून झिडकारायचे आणि इजेची धमकी आल्यावर सगळे मान्य करायचे. त्यातून धमकीच कामाला येते हे पक्के होते. ‘तुला फार लागलं ना, कळतंय’ हे आधीच म्हणावे, आणि जे देता येणार नाही ते धमकीनंतरही देऊ नये. धमकी मात्र कधीही पोकळ समजू नये. आत्महत्येचा धोका या विकारात खरा आहे. आंबा-काजूच्या बागा असलेल्या घरांत फवारणीची औषधे पडवीत पडून असतात. ती कुलपात ठेवावीत आणि चावी दुसऱ्या घरी द्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.

कलंक. तो गावापुरता नाही. ‘लक्ष वेधून घेणारा रुग्ण’ हा शिक्का दवाखान्यांतही बसतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील संशोधक मेरी झनारिनी यांच्या दीर्घ पाठपुराव्यात १० वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निकषांखाली राहिली. नोकरी व नाती यांसह पूर्ण सावरणे सुमारे निम्म्यांनाच साधले. म्हणजे वादळ शमते, पण काम आणि माणसे परत मिळवायला स्वतंत्र मदत लागते. स्थळ पाहताना निदान लपवायचे की सांगायचे हा प्रश्न अटळ आहे. ते लग्नाआधी, उपचारांच्या माहितीसह आणि रुग्णाच्याच तोंडून सांगितलेले बरे. कौल लावण्याला हरकत नाही, गोळी बंद होत नसेल तर. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा डांबणे मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पोलीस केसच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न ‘चुकून घेतलं’ म्हणून लपवला जातो आणि योग्य उपचाराला उशीर होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (लागू २०१८) च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरतात. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ उरलेलेच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमता येतो. नातलगांशीच तंटा असेल तर नात्याबाहेरचा प्रौढ माणूसही चालतो, त्याची लेखी संमती असली की पुरे.