कर्नल लॉगमधले पत्ते निरुपयोगी नसतात

‘लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.१५ पासून त्याच्या लॉगमधले, म्हणजे नोंदींमधले, मेमरीचे पत्ते कचरा झाले. केपीटीआर_रिस्ट्रिक्ट (पत्ते लपवण्याची सेटिंग) शून्य करा, खरे दिसतील,’ असं ऐकायला मिळतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लिनक्स शिकणाऱ्यांनी हा समज मनातून काढून टाकावा. २०१८ च्या त्या आवृत्तीपासून ‘%पी’ (कोडमध्ये पत्ता छापायची खूण) पत्त्याचा हॅश, म्हणजे पत्त्यापासून काढलेला पण पत्ता न उघड करणारा आकडा, छापतो. ६४-बिटवर सुरुवातीचे आठ हेक्स अंक शून्य. हॅश काढायची गुप्त किल्ली दर बूटला (मशीन सुरू होताना) बदलते, पण एकाच बूटमध्ये तोच पत्ता तोच हॅश देतो. त्यामुळे चुकून दोनदा फ्री झालेला (मेमरी दोनदा परत केलेला) ऑब्जेक्ट ओळी जुळवून शोधता येतो! फसगत होते ती दोन बूटचे लॉग शेजारी ठेवल्यावर. केपीटीआर_रिस्ट्रिक्ट शून्य केलं तरी ‘%पी’ हॅशच देतो. खरे पत्ते हवेतच, तर ५.१२ पासून बूटच्या ओळीत ‘नो_हॅश_पॉइंटर्स’ लिहा, तेही फक्त चाचणीच्या मशीनवर. कर्नल मेमरीत कुठे बसलाय, हे हल्लेखोराला खरे पत्ते असलेल्या ओळींतून कळतं.