स्ट्रीट ट्रॅकर

अमेरिकेतील फ्लॅट ट्रॅक शर्यतींच्या गाड्यांच्या धर्तीवर, रस्त्यावरच्या जुन्या मोटारसायकलीत फेरबदल करून घडवलेली गाडी. दिवे, दोन्ही ब्रेक आणि स्पीडोमीटर कायम राहत असल्याने ती रस्त्यावर चालवता येते. आटोपशीर टाकी, शेपटाकडे वर उचललेली एकसंध सीट, रुंद व किंचित मागे वळलेले हँडल, पुढेमागे जवळपास सारख्या व्यासाची चाके आणि पूर्ण उघडे इंजिन यांवरून ती ओळखू येते. कॅफे रेसर या खाली झुकलेल्या हँडलच्या गाडीवर चालक टाकीवर ओणवा होतो. ट्रॅकरवर तो ताठ बसतो आणि त्याची कोपरे बाहेर राहतात. स्क्रॅम्बलरशी तिचे साम्य वरवरचे आहे. स्क्रॅम्बलर खडबडीत वाटेसाठी असते, तर ट्रॅकरचे मूळ रूप सपाट, दाबून घट्ट केलेल्या मातीसाठी घडले. त्यामुळे सस्पेन्शनचा प्रवास, टायरची नक्षी आणि जमिनीपासूनची उंची या तिन्ही बाबतींत दोघींत फरक पडतो.

पूर्वपीठिका : फ्लॅट ट्रॅक शर्यत मातीच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर घड्याळाच्या उलट दिशेने होते. मैल, अर्धा मैल व त्याहून लहान शॉर्ट ट्रॅक हे तिचे मुख्य प्रकार. टीटी प्रकारात निदान एक उजवे वळण आणि बहुधा एक उडीही असते. वळणावर चालक थ्रॉटलच्या जोरावर मागचे चाक बाहेर सरकवतो, हँडल वळणाच्या उलट बाजूला धरतो आणि पोलादी तळ चढवलेला डावा बूट जमिनीवर टेकवून तोल सांभाळतो. रुंद हँडल, ताठ बैठक आणि मागेपुढे सरकायला मोकळी असलेली लांबट सीट यांचा उगम याच कृतीत आहे. लंबवर्तुळी धावपट्टीवर पुढचा ब्रेक नसतोच. मागच्या ब्रेकलाही १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मुभा नव्हती.

अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशन १९२४ मध्ये स्थापन झाली. १९४६ ते १९५३ या काळात राष्ट्रीय अजिंक्यपद इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डच्या एका मैली शर्यतीवर ठरत असे; १९५४ पासून हंगामभराच्या गुणांवर आधारित ग्रँड नॅशनल मालिका सुरू झाली. पुढील घडामोडींची किल्ली मात्र त्याआधीच्या, १९३३-३४ च्या सुमारास रुजलेल्या ‘क्लास सी’ नियमांत आहे. कारखान्यांच्या महागड्या खास गाड्यांऐवजी बाजारात मिळणाऱ्या गाड्यांवर शर्यत व्हावी, हा त्यांचा हेतू. साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनाला ७५० घनसेंमी आणि ओव्हरहेड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या वर असलेल्या) इंजिनाला ५०० घनसेंमीची मर्यादा होती. १९६९ च्या सुमारास हा भेद संपला आणि सर्वांना ७५० घनसेंमी खुले झाले. हार्ले-डेव्हिडसनने १९७० मध्ये एक्सआर-७५० आणली. तिचे ओतीव लोखंडी इंजिन फार तापत असे. १९७२ पासूनच्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनाने हा दोष दूर केला आणि पुढील अनेक दशके ही गाडी धावपट्टीवर राहिली. त्याआधी ट्रायम्फवर जीन रोमेरो (१९७०) आणि बीएसएवर डिक मान (१९७१) यांनी, तर नंतर यामाहावर केनी रॉबर्ट्स यांनी (१९७३ व १९७४) अजिंक्यपद मिळवले. रॉबर्ट्स यांच्या इंजिनाचा पाया एक्सएस६५० या रस्त्यावरच्या गाडीचा होता.

उगमाविषयीची मते : शर्यतीची गाडी रस्त्यावर कशी आली, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार याचे श्रेय दक्षिण कॅलिफोर्नियातील चालकांचे. गार्डिना येथील अ‍ॅस्कॉट पार्क या अर्ध्या मैलाच्या प्रसिद्ध धावपट्टीच्या (१९५७–१९९०) परिसरात निवृत्त शर्यतीच्या गाड्यांना दिवे व पुढचा ब्रेक लावून त्या रस्त्यावर काढल्या जात. दुसरे मत फ्रेम बनवणाऱ्यांवर भर देते. ट्रॅकमास्टर, चॅम्पियन यांसारखे कारखाने ट्रायम्फ, बीएसए व यामाहाच्या इंजिनांसाठी हलक्या फ्रेम विकत. त्यांपैकी काही धावपट्टीवर न जाता थेट रस्त्यासाठी सजल्या. दोन्ही मते साधारणपणे १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९७० च्या दशकाचा मध्य याच काळाकडे बोट दाखवतात.

तिसरे मत अधिक मागे जाते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. क्लास सीच्या सुरुवातीच्या काळात चालक आपलीच गाडी चालवत धावपट्टीवर येत, दिवे व मडगार्ड काढून शर्यतीत उतरत आणि तेच भाग पुन्हा बसवून घरी परतत. म्हणजे शर्यतीची गाडी मुळात रस्त्याच्या गाडीतूनच निघाली होती. कॅलिफोर्नियातील प्रयोगांनी आणि फ्रेमच्या व्यापाराने या जुन्या नात्याला नवे रूप दिले, असे मानल्यास पहिल्या दोन मतांचा विरोधही उरत नाही. ब्रेक नसलेल्या इतर शर्यती, विशेषतः स्पीडवे, यांच्याकडे हा उगम नेणे मात्र ताणलेले आहे. स्पीडवेची एक सिलिंडरची, मेथॅनॉलवर धावणारी गाडी रस्त्याच्या गाडीपासून फार लवकर फुटून निघाली.

चाके व भूमिती : बांधणीची चर्चा बहुधा टाकी आणि सीटभोवती फिरते. गाडी ट्रॅकरसारखी चालणार की नुसती तशी दिसणार, हे ठरते ते चाकांवरून आणि स्टीअरिंगच्या भूमितीवरून. शर्यतीत दोन्ही चाके १९ इंचांची असतात. जुन्या रस्त्याच्या गाड्यांना पुढे १९ आणि मागे १८ इंच हे माप सर्रास आढळते, तर क्रूझर धाटणीच्या गाड्यांना मागे १६ इंचही असते. मागच्या हबवर १९ इंची रिम नव्या स्पोकने बांधून घेणे हा रूढ मार्ग होय. पुढच्या चाकाची अरुंद रिम मागे वापरण्याचा मोह टाळावा; रुंद टायर तीवर नीट बसत नाही आणि त्याचा माथा नको तितका गोल होतो. शर्यतीचे टायर रस्त्यासाठी मान्य नसतात आणि १९ इंचांत मागे चालतील असे रस्त्याचे टायर मोजकेच मिळतात, म्हणून अनेक जाणते कारागीर मागे १८ इंचच ठेवतात. टायर रुंद केल्यास चेन व स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता सांगाडा) यांपासून मोकळी जागा उरते का, हे रिम बांधण्याआधीच मोजावे लागते.

एका चाकाच्या बदलाने काय काय हलते, हे उदाहरणाने पाहता येते. मागील १३०/९०-१६ टायरचा व्यास सुमारे ६४० मिमी भरतो, तर १३०/८०-१९ चा सुमारे ६९० मिमी. घेर आठ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे गिअरिंग तेवढे लांब होते. मागच्या स्प्रॉकेटला ३६ दात असतील तर मूळचा ओढा परत मिळवायला ३९ लागतात. त्याच वेळी मागचा अ‍ॅक्सल २५ मिमी वर जातो. दोन चाकांतील अंतर १,४३५ मिमी असेल, तर सगळी गाडी पुढे एका अंशाने झुकते. रेक, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचा उभ्या रेषेशी असलेला कोन, २७ वरून २६ अंश होतो. पुढच्या चाकाची त्रिज्या ३३० मिमी आणि फोर्कचा ऑफसेट (स्टीअरिंगच्या अक्षापासून पुढच्या अ‍ॅक्सलचे अंतर) ६० मिमी धरल्यास ट्रेल, म्हणजे स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला भिडतो तिथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर, सुमारे १०० वरून ९४ मिमीवर येतो. गाडी वळायला चपळ होते, पण सरळ धावण्याची तिची स्थिरता थोडी घटते. त्यात उंच शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावले आणि फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवला, तर हेच बदल एकमेकांत मिळून वाढतात आणि वेगात हँडल थरथरू लागते. टाकी रंगवण्याआधी ही आकडेमोड कागदावर झालेली बरी. स्टीअरिंगच्या जुन्या बॉल बेअरिंगऐवजी टेपर रोलर बेअरिंग, फोर्कमध्ये योग्य ताकदीच्या स्प्रिंग आणि नवे तेल यांनी जितका फरक पडतो, तितका बाहेरून दिसणाऱ्या कोणत्याही भागाने पडत नाही.

फ्रेम, टाकी व इंजिन : सीटखालच्या नळ्या कापून त्यांच्या टोकांना अर्धवर्तुळाकार नळी जोडतात. काप शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या टेकूच्या मागेच हवा आणि जोडाच्या आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालून मग वेल्डिंग करावे. टेकूच्या पुढे काप घेतलेली फ्रेम भार सोसत नाही. एक्सआर-७५० च्या आकाराची छोटी टाकी लोकप्रिय आहे, परंतु इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फायबरग्लासच्या जुन्या टाक्यांमधील रेझिन मऊ पडते आणि ते कार्ब्युरेटरात उतरते. वापरासाठी पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची टाकीच विश्वासाची. डावीकडे वळणाऱ्या शर्यतीच्या गाडीचे सायलेन्सर उजवीकडेच असतात, हा समज एक्सआर-७५० लाच लागू पडत नाही : तिचे दोन्ही पाइप डावीकडून उंच जातात, कारण कार्ब्युरेटर उजवीकडे आहेत. एअरबॉक्स काढून सुटे फिल्टर लावल्यास इंजिनाला हवा जास्त व पेट्रोल कमी पडते, म्हणून कार्ब्युरेटरातील पेट्रोल मोजून सोडणारे जेट बदलावे लागतात. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरांत हे जुळवणे विशेष किचकट असते.

आधार म्हणून ट्रायम्फ ६५०, हार्ले स्पोर्टस्टर आणि एक सिलिंडरची यामाहा एसआर५०० याही गाड्या घेतात. पण सर्वाधिक पसंती एक्सएस६५० ला आहे. तिच्या क्रँकचे दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होतात. काही कारागीर क्रँक उकलून तो, दोन पिस्टनांच्या चालीत २७७ अंशांचे अंतर पडेल असा, पुन्हा दाबून बसवतात. त्याने थरथर कमी होते, मात्र कॅमशाफ्ट आणि इग्निशनही त्यानुसार बदलावे लागतात. फील्ड कॉइलच्या मूळ अल्टरनेटरऐवजी कायमचुंबकी अल्टरनेटर लावल्यास सीटखाली छोटी बॅटरी पुरते.

हँडल सुमारे ८०० मिमी रुंद असल्याने क्लच, ब्रेक व थ्रॉटलच्या केबलींची लांबी नव्याने घ्यावी लागते. फ्रेम कापणे व आवाजाची मर्यादा यांबाबतचे नियम देशोदेशी भिन्न आहेत.

कारखान्यांची निर्मिती : हार्लेने १९८३ मध्ये एक्सआर१००० आणि २००८ मध्ये एक्सआर१२०० आणली, दुसरीची चाके पुढे १८ व मागे १७ इंचांची होती. होंडाची एफटीआर२५० १९८६ ची, तर एफटीआर२२३ २००० ची. २०१९ मध्ये विक्रीस आलेल्या इंडियन एफटीआर १२०० ला पुढे १९ व मागे १८ इंचांची चाके आणि फ्लॅट ट्रॅकच्या नक्षीचे टायर होते. २०२२ पासून तिच्या बहुतेक आवृत्त्या १७ इंचांवर आल्या. रॅली या आवृत्तीने मात्र जुनी मापे कायम ठेवली.