वृद्धनिवासांतील कुंडीतील झाडे (खानदेश)

वृद्धनिवासांतील कुंडीतील झाडे : वृद्धाश्रमात किंवा दैनंदिन कामांत मदत पुरविणाऱ्या ज्येष्ठ निवासात राहणाऱ्या व्यक्तींनी खोलीत, खिडकीत वा व्हरांड्यात जोपासलेली झाडे आणि त्यांपासून त्यांना होणारा लाभ. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे समोर ठेवून हा विषय येथे मांडला आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमात साठ वर्षे व त्यावरील व्यक्ती ज्येष्ठ मानली असून, कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. संस्थेच्या माळ्याने राखलेली शोभेची बाग आणि रहिवाशाच्या स्वतःच्या ताब्यातील कुंडी यांत फरक करणे आवश्यक आहे; येथील विवेचन दुसरीविषयी आहे.

झाडांची निगा हा उपचाराचा भाग होऊ शकतो या कल्पनेचा उगम सामान्यतः अमेरिकन वैद्य बेंजामिन रश यांच्या १८१२ मधील मनोविकारविषयक ग्रंथाशी जोडला जातो. मात्र रश यांनी बागेतील खोदकामाचा उल्लेख लाकूडतोड, आग पेटवणे, कपडे धुणे, फरशी घासणे अशा कामांच्या ओघात केलेला आहे. त्यांचा भर श्रमावर होता, झाडांवर नव्हे. इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांनी १७९६ मध्ये सुरू केलेल्या मनोरुग्णालयातही बागकाम व शेतकामाला स्थान होते, म्हणून उगम रश यांच्यापाशी मानण्यापेक्षा तो त्या काळातील सौम्य उपचारपद्धतीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

वृद्धांच्या संदर्भात सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग एलेन लँगर व ज्युडिथ रॉडिन यांचा आहे. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरील ४७ रहिवाशांना स्वतःच्या दिनक्रमाची जबाबदारी त्यांची आहे असे सांगून प्रत्येकाला हवे ते रोप निवडण्यास व सांभाळण्यास दिले. दुसऱ्या मजल्यावरील ४४ जणांनाही रोपे मिळाली; पण त्यांना पाणी परिचारिका घालतील, असे सांगण्यात आले. पहिला गट अधिक उत्साही व सावध दिसला. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत पहिल्या गटातील ७ आणि दुसऱ्या गटातील १३ व्यक्ती मरण पावल्याचे आढळले. हे आकडे आजही वारंवार सांगितले जातात, परंतु लेखिकांनीच पुढे प्रसिद्ध केलेल्या दुरुस्तीनुसार मृत्युदरातील हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या प्रथम वाटला त्याहून बराच कमकुवत ठरतो. शिवाय पहिल्या गटाला रोपाखेरीज चित्रपटाचा दिवस निवडण्याची मुभाही होती, त्यामुळे परिणाम रोपाचा की निवडीचा, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही गटांकडे रोपे होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. लाभ झाडाच्या नुसत्या सान्निध्यापेक्षा त्याच्या जबाबदारीतून होतो, हे मत म्हणूनच ग्राह्य धरावेसे वाटते. सान्निध्याच्या बाजूने रॉजर उलरिच यांचा १९८४ मधील अभ्यास दाखविला जातो. त्यात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा काहीसे लवकर घरी जाता आले. पण ते रुग्णालयातील रुग्ण होते आणि झाडे खिडकीबाहेरची होती.

झाडे खोलीतील हवा शुद्ध करतात, हा समज अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगांतून पसरला. ते प्रयोग हवाबंद पेट्यांत झाले होते. २०१९ मधील एका आढाव्यानुसार, वायुवीजनाइतका परिणाम साधण्यासाठी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील. स्नेक प्लांट व कोरफड रात्री प्राणवायू सोडतात, हे विधानही सैल आहे. या वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण प्राणवायू प्रकाश असतानाच तयार होतो. तुळशीविषयीच्या अशाच दाव्याला हाच नियम लागू आहे. तुळशीचे महत्त्व यामुळे उणावत नाही, कारण रोज सकाळी तिला पाणी घालण्याची आयुष्यभराची सवय वृद्धनिवासात जशीच्या तशी चालू ठेवता येते. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरण्याची रीत माहीत असलेल्या स्त्रियांना घरात पेरणी नवी नसते.

तापीकाठची काळी माती कुंडीला एकटी चालत नाही. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे मृद्‌खनिज पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसते, त्यामुळे कुंडीतील माती भेगाळून मुळे तुटतात. शेणखत, वाळू आणि कोकोपीट मिसळून ती हलकी करावी लागते. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पश्चिमेकडील गॅलरीत तेव्हा कोरफड तग धरते, मनीप्लांटची पाने करपतात. शेतीत आयुष्य गेलेल्यांना शोभेच्या झाडापेक्षा खाण्याजोगे काही लावणे अधिक भावते. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, आणि पुरेसे ऊन व मोठी कुंडी असल्यास वांगेही येते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अर्थात वृद्धनिवासातील एका कुंडीत भरितापुरती वांगी निघतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

कुंडी खुर्चीत बसून हात पोचेल अशा ओट्यावर ठेवतात आणि झारी लहान घेतात. ओल्या फरशीवर पाय घसरणे हा यातील सर्वांत मोठा धोका होय. कुंडीखालच्या ताटलीत व मनीप्लांटच्या बाटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची पैदास साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडे घासणे आवश्यक असते. कण्हेर विषारी असून डंबकेन (डिफेनबॅकिया) या शोभेच्या झाडाच्या पानांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांनी तोंड व घसा सुजतो. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींजवळ ही झाडे ठेवत नाहीत.

रहिवाशाला शुश्रूषा कक्षात हलविताना त्याची कुंडी मागे राहते, ही टाळण्याजोगी चूक आहे. रिचर्ड शुल्झ यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासात वृद्धांना विद्यार्थी भेटावयास येत असत. भेटी थांबल्यानंतर, ज्यांना त्यांची वेळ ठरविता येत असे किंवा आधी कळत असे, त्यांची प्रकृती भेटी न मिळालेल्यांहून अधिक ढासळल्याचे त्यात दिसून आले. मिळालेला आधार काढून घेतल्यास हानी होते, हा निष्कर्ष कुंडीला लागू करणे हे अनुमानच आहे. तथापि कुंडी रहिवाशाबरोबर पाठविण्यास फारसा खर्च येत नाही.