गेटवरची पिशवी आणि ‘नको’ची चिठ्ठी

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटेच भोंगा वाजवत येतो. उठायचा कंटाळा असला की रात्रीच गेटला पिशवी अडकवायची. आत पैसे आणि चिठ्ठी, ‘सहा उंडे’ (गोल पाव). आमची गाठभेट होत नाही. त्याला माझ्याविषयी कळतं ते चिठ्ठीत असेल तेवढंच.

कंटेनरमधल्या, म्हणजे सर्व्हरवरच्या बंदिस्त कप्प्यात चालणाऱ्या, स्क्रिप्टचंही (छोट्या प्रोग्रॅमचंही) असंच. 2013 साली असे कंटेनर बनवणारं डॉकर हे सॉफ्टवेअर आलं आणि स्क्रिप्ट, ती ज्या भाषेत लिहिली त्या पायथनची नेमकी आवृत्ती, लायब्रऱ्या (तयार कोड) असं सगळं बिऱ्हाड एकत्र बांधून कुठल्याही सर्व्हरवर चालवणं सोपं झालं. पण बाहेरच्या मशीनवरचं काही या बिऱ्हाडात आपोआप शिरत नाही, मुद्दाम द्यावं लागतं: कमांडच्या शेपटाला जोडून, नाहीतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला नाव लावून दिलेल्या मजकुरातून. व्हेरिएबलची ही युक्ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीपासूनची.

ठरलेली कामं आपोआप चालवणारी गिटहब ॲक्शन्स ही सेवाही तीच युक्ती वापरतं. इनपुटचं (आपण दिलेल्या माहितीचं) नाव कॅपिटल करून त्याच्या सुरुवातीला ‘इनपुट’ आणि अंडरस्कोर लावून ते कंटेनरला देतं. नावातल्या मोकळ्या जागेचा अंडरस्कोर होतो, हायफन मात्र तसाच राहतो, आणि हायफनवालं नाव बॅशला (कमांड चालवणाऱ्या शेलला) व्हेरिएबल म्हणून वाचताच येत नाही. माझा अर्धा दिवस यात गेला.

खरी फजिती पुढे झाली. पावसाळ्यात दर महिन्याला जिल्ह्याच्या पावसाचा आलेख काढून सोसायटीतल्यांना मेल करणारी माझी एक स्क्रिप्ट आहे. चाचणी घेताना ‘मेल पाठवू?’ या इनपुटला ‘फॉल्स’ दिलं. तरी अर्धवट आलेख घरोघरी पोचला! कारण चिठ्ठीतून जातो तो निव्वळ मजकूर. पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग (मजकूर) ‘खरी’च. म्हणजे चिठ्ठीवर ‘नको’ लिहिलंय, पण पोदेर चिठ्ठी दिसली एवढंच बघून पाव टाकून गेला. आता मी मजकूर नेमका ‘ट्रू’ आहे का, हे तपासतो.

‘दक्षिण गोवा’ दिलं तेव्हा तर शेलमध्ये व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं नसल्यामुळे त्याचे दोन शब्द झाले आणि स्क्रिप्ट ‘दक्षिण’ नावाचा जिल्हा शोधत बसली.

मेलचा पासवर्ड मात्र मी या पिशवीत टाकत नाही. सर्व्हरवर डॉकर वापरायची मुभा असलेल्या कुणीही ‘डॉकर इन्स्पेक्ट’ ही कमांड दिली की कंटेनरला दिलेली सगळी व्हेरिएबल्स उघडी पडतात. तो वेगळ्या फाइलमधून आत जातो.