डोळे उघडले म्हणजे शुद्धीवर आला का?

डोक्याला जबर मार लागलेला माणूस आयसीयूत असतो. पहिले काही दिवस डोळे मिटलेले, घशात नळी, शेजारी व्हेंटिलेटर. मग दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या सकाळी सिस्टर सांगतात, "पेशंटने डोळे उघडले." गावाकडे फोन जातात, कुणी देवाला नारळ फोडतं. त्यानंतर कित्येक आठवडे तो माणूस उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडून राहतो आणि हाक मारली तरी वळत नाही. घरात तट पडतात ते इथे. कुणी म्हणतं, "त्याला सगळं कळतंय, फक्त बोलता येत नाही." कुणी म्हणतं, "आता यात काही उरलं नाही." इतक्या लवकर यातलं काहीच खात्रीने सांगता येत नसतं. जाग असणं आणि भान असणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. मोठ्या इजेनंतर त्यांची फारकत होते. वाचलेल्या बहुतेकांची जाग आधी परत येते. भान कधी तिच्या मागोमाग येतं, कधी महिने लावतं, कधी येतच नाही.

जाग सांभाळतो ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा मानेकडचा भाग. श्वास, गिळणं, झोपेचं नि जागेपणाचं चक्र ही कामंही त्याच्याकडेच. भानासाठी मेंदूचा वरचा थर, आत खोलवरचा थॅलॅमस नावाचा भाग आणि त्यांना जोडणारे लांबच लांब तंतू शाबूत लागतात. वेगातल्या गाडीवरून माणूस आपटतो तेव्हा मेंदू कवटीच्या आत गरकन फिरतो आणि नेमके हे तंतू ताणले जातात, तुटतात. अशी इजा कधी कधी सीटी स्कॅनवर फारशी दिसतही नाही. म्हणून "स्कॅन तर बरा आहे, मग उठत का नाही?" हा प्रश्न इतक्या घरांत विचारला जातो.

खरा कोमा बहुधा दोन ते चार आठवड्यांच्या वर टिकत नाही. त्यातून माणूस सावरतो, दगावतो, नाहीतर डोळे उघडतो पण भानावर येत नाही. या शेवटच्या अवस्थेला १९७२ साली ग्लासगोचे न्यूरोसर्जन ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी व्हेजिटेटिव्ह स्टेट असं नाव दिलं. या अवस्थेतला माणूस जांभई देतो, दात खातो, कण्हतो, त्याचा चेहरा वेडावाकडा होतो, कधी डोळ्यांतून पाणीही येतं. मोठा आवाज झाला की दचकतो. हे सगळं भानाशिवाय होऊ शकतं, आणि जवळच्या माणसाला हेच मान्य करणं सर्वांत जड जातं. भानाच्या पुसट, येत्या-जात्या खुणा दिसणाऱ्या अवस्थेला २००२ मध्ये वेगळं नाव मिळालं: मिनिमली कॉन्शस स्टेट. बाहेरून दोन्ही अवस्था जवळपास सारख्याच दिसतात, पण पुढच्या सुधारणेची शक्यता दुसरीत बरीच जास्त असते. त्यामुळे आपला माणूस यांपैकी कुठे आहे हे नीट तपासून घेणं हा त्याचा हक्क आहे असं मी मानते.

आयसीयूबाहेरच्या बाकांवर सगळ्यांच्या तोंडी एक आकडा असतो: जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. तोही १९७४ साली याच जेनेट यांनी ग्रॅहॅम टीसडेल यांच्यासोबत तयार केला. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५ आणि हालचालीचे ६ असे जास्तीत जास्त १५ गुण, कमीत कमी ३. नातेवाइकांची गफलत होते ती बेरजेत. कालचा पेशंट चिमटा काढल्यावर नुसता हात मागे घेत होता: डोळे १, बोलणं १, हालचाल ४, एकूण ६. आज त्याने आपणहून डोळे उघडले आणि बाकी सगळं जसंच्या तसं असलं, तरी आकडा ९ होतो. सहाचा नऊ झाला म्हणून घरी आनंदीआनंद, आणि वाढली आहे ती फक्त जाग. घशात ट्रकिओस्टॉमीची नळी असेल तर बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत, तिथे 'टी' लिहितात. म्हणून डॉक्टरांना बेरीज विचारू नका, हालचालीचे गुण किती ते विचारा. ६ म्हणजे सांगितलेलं करतो. भानाचा पुरावा त्या सहाव्या गुणात आहे.

माझ्या दादाच्या अपघातानंतर वहिनी त्याचा हात हातात घेऊन बसायची. एकदा ती म्हणाली, "अहो, हात दाबा बघू," आणि त्याने तो घट्ट आवळला. खोलीतले सगळे रडायला लागले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी थोडं थांबून वहिनीला हळूच सांगितलं, "आता सोडायला सांगा." वहिनीने सांगितलं, पुन्हा सांगितलं. बोटं तशीच आवळलेली. तळहाताला काही टेकलं की मूठ मिटणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तान्ह्या बाळात ती असते, मोठेपणी दबते आणि मेंदूला इजा झाली की पुन्हा वर येते. पुढे काही आठवड्यांनी "सोडा" म्हटल्यावर, बऱ्याच उशिराने, त्याची बोटं एकेक करून उघडली. पेढे वाटावेत असा दिवस तो होता.

तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते: स्पर्शाने आपोआप घडणार नाही अशी गोष्ट करायला सांगा. हात न धरता "अंगठा वर करा", "वर बघा". सांगण्याआधी मिनिटभर नुसतं बघत बसा, म्हणजे ती हालचाल तशीही होत असते का हे कळेल. सांगितल्यावर दहा सेकंद गप्प राहा. जखमी मेंदूला शब्द ऐकून हाताला हुकूम द्यायला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात चार वेळा हाका मारून त्याचा गोंधळ करतो. सांगितल्यावर होतं, न सांगता होत नाही आणि पुन्हा पुन्हा तसंच घडतं, तेव्हा भान आहे असं म्हणायला आधार मिळतो.

भानाची सुरुवात बऱ्याचदा नजरेत दिसते. तीही पारखायची एक साधी रीत आहे: आरसा. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून सावकाश डावीकडे, उजवीकडे न्यायचा. माणसाची नजर दुसऱ्या कशाहीपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे लवकर जाते, म्हणून तपासणीच्या अधिकृत पद्धतीतही आरसाच वापरतात. ती पद्धत म्हणजे कोमा रिकव्हरी स्केल-रिव्हाइज्ड, २००४ ची. तपासणी एकदा करून भागत नाही, कारण असं भान दिवसात येतं-जातं. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं असं या विषयातले संशोधक सांगतात.

आणि भाषा! मुंबई-पुण्याच्या आयसीयूत डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलतात, सिस्टर बहुतेकदा केरळच्या असतात, आणि खाटेवर असतो आयुष्यभर मालवणी किंवा अहिराणी बोललेला माणूस. "हाथ दबाओ" ला उत्तर आलं नाही म्हणून त्याला कळत नाही असं कसं ठरवायचं? तपासणीच्या वेळी घरच्या कुणाला तरी घरच्या बोलीत सांगू द्या, हा आग्रह नातेवाइकांनी धरायलाच हवा.

प्रतिसाद नाही म्हणजे भान नाही, असंही नसतं. २००९ मध्ये छापून आलेल्या एका युरोपीय अभ्यासात नेहमीच्या तपासणीत व्हेजिटेटिव्ह ठरवलेले ४४ रुग्ण वरच्या पद्धतीने पुन्हा तपासले, तर त्यांतल्या १८ जणांत भानाच्या खुणा सापडल्या. हात लुळा असेल, शब्दांचं केंद्रच दुखावलं असेल, ऐकू येत नसेल, तर आत भान असूनही बाहेर काही उमटत नाही. २००६ मध्ये केंब्रिजला एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर पाच महिने व्हेजिटेटिव्ह समजल्या गेलेल्या एका तरुणीला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं: टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा. हालचालीचा विचार करताना निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग चेततो, तोच तिचाही चेतला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत अशी हालचाल दिसली. चारांत एक. अशा तपासण्या अजून आपल्याकडच्या नेहमीच्या रुग्णालयांत होत नाहीत, पण हा आकडा कळल्यापासून मला कुणाही बेशुद्ध माणसाच्या उशाशी त्याच्याबद्दल वाईटसाईट बोललेलं सहन होत नाही.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की अरुणा शानभाग आठवतात. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोवर केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांना दयामरण द्यावं का, या २०११ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्या कायमस्वरूपी व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण करतात असं सांगितलं. रुग्णालयाचं म्हणणं होतं की त्या चेहऱ्याने प्रतिसाद देतात, सांगितल्यावर अधूनमधून आवाजही करतात. तपासायला आलेला आणि रोज घास भरवणारा यांना वेगवेगळं दिसतं, ते असं. यात रोजचा माणूस भाबडाच असतो असं मला वाटत नाही. त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं पाहिजे, मोबाइलवर टिपलं पाहिजे, आणि टिपताना पेशंटला कुणाचा हात लागलेला नसावा. केव्हा, काय सांगितलं, किती वेळाने काय झालं, एवढं वहीत असलं की राउंडला आलेले डॉक्टर ऐकतात.

"एकोणीस वर्षांनी कोमातून उठला" अशी एक बातमी अजूनही फिरते. ती अमेरिकेतल्या आर्कान्सॉच्या टेरी वॉलिस यांची. १९८४ चा अपघात, २००३ मध्ये पहिला शब्द: "मॉम". पण ते कोमात नव्हते, मिनिमली कॉन्शस अवस्थेत होते. त्यांचं भान पुसट का होईना, होतं. हातात आशा ठेवण्याजोगं काय आहे ते या फरकावरून ठरतं. इजेचं कारणही बघावं लागतं. हृदय बंद पडून किंवा गुदमरून प्राणवायू तुटला असेल, तर तीन महिन्यांनंतर भान येण्याची शक्यता फार कमी होते. अपघाती मारात तीच मुदत बारा महिने धरतात. त्यानंतरही काहीजण भानावर येतात, म्हणून २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी 'कायमस्वरूपी' हा शब्द काढून 'दीर्घकालीन' असा बदल केला.

सुधारणा थांबल्यासारखी वाटली तर आधी अडथळे शोधायला सांगा. फिटची किंवा स्नायूंचा ताठरपणा घालवणारी औषधं सुस्ती आणतात. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं यांनीही माणूस मंद होतो. मेंदूत पाणी साठलं असेल तर शंट, म्हणजे पाणी वाहून नेणारी बारीक नळी, घालून ते काढता येतं. पेशंटला व्हीलचेअरवर उठवून बसवल्यावर जाग वाढते, मग तपासणी आडवं झोपवून का करायची? अमँटाडीन नावाचं मूळचं फ्लूचं औषध अपघातानंतरच्या काही आठवड्यांत सुधारणेचा वेग वाढवतं, असं २०१२ मध्ये १८४ रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं. आपल्या माणसाला ते चालेल का, हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्टना विचारण्याजोगा आहे.

साध्या प्रश्नांना हो-नाही बरोबर यायला लागलं, किंवा कंगवा हातात दिल्यावर तो केसांकडे गेला, की मिनिमली कॉन्शस अवस्था संपली असं मानतात. पुढचा टप्पा घरच्यांना अनेकदा आधीपेक्षा अवघड जातो. माणूस बोलतो, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. नळ्या ओढतो, शिव्या देतो, बायकोला आई म्हणतो. बहुतेकांचा हा काळ ओसरतो. तोवर खोलीत एका वेळी एकच माणूस ठेवा, टीव्ही बंद ठेवा, भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारीख नि जागा लिहा, आणि "मी कोण, ओळखलं का?" अशी परीक्षा घेऊ नका. जवळ गेल्यावर आपणच आपलं नाव सांगा.