पडद्याला पडलेल्या चुण्या

खिडकीचे सरळ गज मध्येच वाकलेले दिसतात. वर्तमानपत्रातल्या ओळीत दोन-तीन अक्षरं एकमेकांवर चढतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून माणूस नवा चष्मा करून आणतो, तरी गज वाकडेच. दोष चष्म्यात नसतोच, तो डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर असतो.

पडद्याच्या मधोमध जेमतेम ५.५ मिलिमीटर व्यासाचा मॅक्युला, म्हणजे पीतबिंदू असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरचा चेहरा ओळखणं, हे सगळं त्याच्या जिवावर. डोळ्याच्या पोकळीतली पारदर्शक जेली वयानुसार, बहुधा पन्नाशीनंतर, आक्रसते आणि पडद्यापासून सुटते. सुटताना काही पेशी मागे राहतात, काही पडद्यातून वर येतात, आणि दुधावर साय धरावी तसा पीतबिंदूवर एक पातळ पापुद्रा धरतो. हा एक प्रकारचा व्रणच. तो आकसू लागला की शिवताना दोरा ओढला गेल्यावर कापडाला पडतात तशा पडद्याला चुण्या पडतात. डॉक्टर याला मॅक्युलर पकर किंवा एपिरेटायनल मेम्ब्रेन म्हणतात. मधुमेह, डोळ्याला झालेली इजा, आतली सूज किंवा पडद्याची आधीची शस्त्रक्रिया यांनंतरही तो होतो.

दुसरा डोळा चांगला असला की मेंदू त्याच्यावर काम भागवून नेतो, म्हणून हा बिघाड उशिरा कळतो. यासाठी घरातल्या प्रत्येक वयस्कर माणसाने आठवड्यातून एकदा, जवळचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटी पाहाव्यात असं मला कळकळीने वाटतं. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांचा चौकटींचा तक्ता याच कामाचा आहे. रेषा वाकडी दिसली तर घरी निदान करत बसू नका. वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेतही रेषा अशाच वाकतात, आणि तिच्या ‘ओल्या’, म्हणजे पडद्याखालच्या रक्तवाहिन्या गळणाऱ्या प्रकारात इंजेक्शनं वेळेत मिळाली नाहीत तर नजर कायमची जाते. दोन्हींतला फरक ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र काढणाऱ्या तपासणीत कळतो. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यातला पडदा जागेवरून सुटत असल्याची ती खूण असू शकते.

पापुद्र्यावर थेंब नाहीत, गोळ्या नाहीत, डोळ्यांचे व्यायामही नाहीत. पण बहुतेकांचा पापुद्रा वर्षानुवर्षं फारसा वाढत नाही, आणि कडेची नजर शाबूत राहत असल्याने त्याने पूर्ण अंधत्व येत नाही. तेव्हा चांगला उजेड, मोठी अक्षरं आणि ठरावीक काळाने स्कॅन एवढ्यावर भागतं. शस्त्रक्रिया केवळ स्कॅनमधलं चित्र पाहून ठरवू नये. वाचता येतं का, गाडी चालवता येते का, एक वस्तू दोन दिसते का, हे रुग्णानेच डॉक्टरांना सांगायला हवं. मात्र मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहायची जुनी सवय इथे नको. नजर फार खालावल्यावर शस्त्रक्रिया केली तर हाती कमी लागतं.

नेत्रशल्यचिकित्सक रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास रूढ केलेल्या व्हिट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत बारीक छिद्रांतून जेली काढतात आणि नाजूक चिमट्याने पापुद्रा सोलतात. नजर सुधारायला काही महिने जातात. वाकडेपणा बराच कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना त्याच डोळ्यात दोन-तीन वर्षांत मोतीबिंदू होतो, म्हणून काही डॉक्टर दोन्ही शस्त्रक्रिया एकदमच करतात.